आईला घेऊन क्रूझवर: लातूर ते गोवा, व्हाया ग्रीन गेट

ऑक्टोबर 2024 मध्ये माझी भिशी लागली, साठ हजारांची. घरच्यांच्या हिशोबात त्या पैशातून गच्चीवरची टाकी बदलायची होती. मी टाकीला आणखी एक वर्ष दिलं आणि आईला फोन केला. "समुद्र बघायला येतीस का?"

"कोण कोण चाललंय?"

"आपण दोघीच."

"मग घराला कुलूप? अन् शेळीचं काय?"

कुलपाचा आणि शेळीचा विषय निघाला म्हणजे होकार आला, हे मला कळतं. आई औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात एकटी राहते. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरतात, बीपीची एक गोळी चालू आहे. समुद्र तिने टीव्हीवर सोडून कधी पाहिला नव्हता. हे लिहायचं कारण असं की आम्ही परत आल्यापासून ओळखीच्या पाच-सहा जणींनी "कसं केलंस, किती लागले, भीती नाही का वाटली" असं विचारलंय. प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

9 नोव्हेंबरला बुकिंग केलं. मुंबई–गोवा–मुंबई, दोन रात्री, 17 जानेवारी 2025 च्या शुक्रवारी निघायचं आणि रविवारी सकाळी परत. दोघींचं मूळ भाडं 34,600 दिसत होतं म्हणून मी खुशीत होते. पुढच्या पानावर बंदर शुल्क, सेवा शुल्क म्हणजे तिथल्या लोकांची टिप, आणि जीएसटी असं चढत चढत ते 47,380 वर गेलं. जाहिरातीतला आकडा बघून कुणी घरात शब्द देऊ नका, शेवटचं पान उघडेपर्यंत थांबा. खोल्यांचे प्रकार तीन-चार होते: गॅलरीवाली, खिडकीवाली, बिनखिडकीची. बिनखिडकीत आणखी एक स्वस्त पर्याय होता, खोली नंबर कंपनी ठरवेल तो. मी तोच घेतला. झोपायला तर जायचं खोलीत, खिडकी काय करायची, असा माझा विचार. माझी आई 1993 पासून बंद खोलीत झोपत नाही, बारा महिने ओसरीत नाहीतर दार उघडं टाकून दाराशी झोपते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. पोटच्या पोरीच्या डोक्यात आलं नाही, याची लाज मला अजून आहे.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबरपासून एकशेवीस दिवसांवरून साठ दिवसांवर आलं होतं. त्यामुळे आधी जहाजाचं तिकीट आणि मग रेल्वेचं, असा उलटा प्रकार झाला. नोव्हेंबरच्या मध्यात एके दिवशी सकाळी आठला फोन घेऊन बसले आणि 16 जानेवारीच्या रात्रीची लातूर–मुंबई थर्ड एसी, एक खालचा आणि एक मधला बर्थ मिळवला. परतीचंही दोन दिवसांनी झालं. जाऊन-येऊन दोघींचं साडेतीन हजारांच्या आत बसलं.

खरा घोळ कागदपत्रांचा. आपल्याच देशातला प्रवास असल्याने पासपोर्ट लागत नव्हता, फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र चालणार होतं. पण तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर एक हवं. आईच्या आधारवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त, मतदान कार्डावर एक कमी, आणि मी बुकिंगला तिसरंच काहीतरी टाकलेलं. जन्मतारीख आधारवर 1 जानेवारी, जशी तिच्या पिढीतल्या निम्म्या गावाची आहे. 2 डिसेंबरला आधार केंद्रावर गेले. टोकन, दोन तास थांबणं, पन्नास रुपये फी, पावती. दुरुस्ती व्हायला अकरा दिवस लागले. मग बुकिंगमधलं नाव दुरुस्त करायला कंपनीच्या हेल्पलाइनला चार फोन. तीनदा "चोवीस तासांत होईल" ऐकलं, चौथ्या वेळी झालं. सांगायचं एवढंच, पैसे भरायच्या आधी कार्ड समोर धरा आणि त्यावर जसं आहे तसंच टाइप करा, मग ते स्पेलिंग चुकीचं का असेना.

18 डिसेंबरला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं गेली. ती बातमी दिवसभर सगळ्या चॅनलवर. संध्याकाळपर्यंत मावशीचे तीन फोन. दादाने पुण्याहून "पैसे परत मिळतात का बघ" असा मेसेज टाकला. कॉलेजात अलिबागकडचे एक सर आहेत, त्यांनी तर 1947 च्या जुलैत रेवसला जाताना बुडालेल्या रामदास बोटीची गोष्ट स्टाफरूममध्ये सविस्तर सांगितली. मी दोन रात्री नीट झोपले नाही. महिनाभर आधी रद्द केलं तरी बरीच रक्कम कापली जाणार होती. शेवटी आईलाच विचारलं. ती म्हणाली, "पाण्यात तरी बुडतं माणूस. आपण घरात झोपलेलो होतो." पुढे विषय वाढवायची माझी हिंमत झाली नाही.

जाण्याच्या दहा दिवस आधी वेब चेक-इन उघडलं. फोटो, ओळखपत्र, आरोग्याचा फॉर्म, आणीबाणीत कुणाला फोन करायचा त्याचा नंबर, आणि जहाजावर चढायची वेळ. आम्ही दुपारी एकची घेतली. सामानाला लावायच्या चिठ्ठ्या रंगीत छापून आणायच्या, त्यावर खोली नंबर असतो. तो तेव्हा कळला: खालचा मजला, अगदी मागच्या टोकाला. ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर विनामूल्य मिळते, पण ती इथेच मागून ठेवायची. मी मागितली. आई रागावली, आणि नंतर टर्मिनलच्या रांगेत बसून घेतली.

आईचं सामान म्हणजे एक सुटकेस आणि एक पिशवी. पिशवीत वीस धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी आणि संक्रांत नुकतीच झालेली म्हणून तिळाच्या वड्यांचा डबा. बाहेरचं खायला नेता येत नाही हे मी वाचलं होतं, तिला सांगितलंही होतं. "बघू" म्हणाली.

17 तारखेला सकाळी सीएसएमटीला उतरलो. तिथून बॅलार्ड इस्टेटचं ग्रीन गेट, म्हणजे मुंबई बंदरात शिरायचं फाटक, दीड किलोमीटरच्या आत, त्यामुळे टॅक्सीवाले यायला तयार नसतात. तिसरा तयार झाला, दीडशे रुपये घेऊन. त्याआधी चार तास वेटिंग रूममध्ये काढले, तिथेच अंघोळ, चहा. (आमच्या वेळी जुनी व्यवस्था होती. 20 सप्टेंबर 2025 ला तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालंय, त्यामुळे आता जाणाऱ्यांना रांगा वेगळ्या दिसतील.) गेटवर तिकीट आणि ओळखपत्र, मग मोठं सामान हमालांकडे, मग विमानतळासारखी तपासणी. स्कॅनरवर आमची पिशवी थांबली. पोरगी नम्र होती. "आजी, घरचं जेवण आत नाही नेता येत." आई म्हणाली, "धपाटे हाईत, जेवण कुठंय?" इस्त्री, एक्स्टेन्शन वायर, दारूच्या बाटल्या असल्या जप्त मालाच्या टेबलावर आमचे वीस धपाटे जाऊन बसले. पावती मिळाली, उतरताना परत मिळेल म्हणाले. तिळाच्या वड्या मात्र त्यात नव्हत्या. त्या आईच्या ओच्यात होत्या, हे मला खोलीत गेल्यावर कळलं.

पुढे काउंटरवर फोटो काढून दोघींना एकेक कार्ड दिलं. तीच खोलीची किल्ली, तेच पाकीट. जहाजावर रोख चालत नाही, सगळं कार्डावर चढतं आणि शेवटी हिशोब होतो. काउंटर ते जहाज सगळं मिळून दोन तास दहा मिनिटं. जहाज जवळून दिसलं तेव्हा आई म्हणाली, "ही तर कलेक्टर ऑफिसची बिल्डिंग." अकरा मजल्यांची ती इमारत, पाण्यात उभी.

खोली लहान, स्वच्छ, दोन पलंग, एक टेबल, आरसा. खिडकीच्या जागी पडदा लावलेला होता आणि पडद्यामागे भिंत. आईने पडदा सरकवून पाहिला, पुन्हा सरकवला, काही बोलली नाही. मग बाथरूम. "बादली कुठंय?" बादली नाही, मग्गा नाही, शॉवर आहे. संडासचं बटण दाबल्यावर व्हॅक्यूमचा जो आवाज होतो त्याने ती दोन पावलं मागे सरली. हे ज्येष्ठांना आधी दाखवून ठेवा.

खोली आवरणारा मुलगा रत्नागिरीकडचा निघाला, सहा महिन्यांच्या करारावर. आईने त्याला पदराआडून तिळाची वडी दिली. त्याने इकडे-तिकडे बघून ती पटकन तोंडात टाकली आणि तिथून पुढे तो आमचा झाला. आईने त्याला पहिला प्रश्न विचारला, "बाळा, पाणी कवा येतं?"

"चोवीस तास, आजी."

"कुठून यायलंय?"

त्याने सांगितलं ते असं: थोडं बंदरात भरून घेतात, बाकीचं समुद्राचंच. इंजिनाच्या उष्णतेवर खारं पाणी कमी दाबाखाली उकळवतात, वाफ धरून थंड करतात, की गोडं पाणी. शिवाय घरच्या आरओसारखी पण अवाढव्य यंत्रंही असतात. आई बराच वेळ गप्प होती. एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा ती माझ्याकडे होती. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, सगळ्या मिळून पाच लाख लिटरच्या. आम्ही भांडी घासायचं पाणी झाडांना आणि अंघोळीचं संडासला वापरत होतो. "खाऱ्याचं गोडं करायला किती पडत असतील गं?" एवढंच तिने विचारलं. मला माहीत नव्हतं. रात्री झोपण्याआधी मात्र तिने टेबलावरचे चारही काचेचे पेले, किटली आणि आमच्या दोन बाटल्या काठोकाठ भरून ओळीने लावल्या. चोवीस तास येतं म्हटलं तर म्हणाली, "आत्ता येतं. पहाटं?"

निघण्याआधी मस्टर ड्रिल असतं, सक्तीचं. सात लहान आणि एक लांब भोंगा वाजला की आपल्या कार्डावर लिहिलेल्या ठिकाणी जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. जानेवारी 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं क्रूझ जहाज कलंडलं, तेव्हा बरेच प्रवासी ड्रिल न होताच बसलेले होते. त्यानंतर निघण्याआधी किंवा निघताक्षणी ड्रिल घ्यायचा नियम आला. आमच्या भोवतीचे लोक सेल्फी काढत होते. आई पुढे जाऊन उभी राहिली आणि दाखवणाऱ्या मुलीला हिंदीत दोनदा विचारलं की दार कुठल्या बाजूला उघडतं. परत खोलीकडे जाताना ती काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं स्तोत्र.

संध्याकाळी जहाज सुटलं. वरच्या उघड्या डेकवर सगळे जमले होते, ढोल, गाणी. दोन टग बोटींनी आम्हाला धक्क्यापासून ओढून बाहेर काढलं. कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह उजव्या हाताला मागे पडलं, नंतर डाव्या बाजूला अलिबागकडचे दिवे. आई कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी. पहिल्यांदा समुद्र बघणारं माणूस काय म्हणेल म्हणून मी कान देऊन होते. ती म्हणाली, "वास येतोय गं." तासाभरात मोबाईलची रेंज गेली. फोन आठवणीने फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि बिल येतं. वायफाय विकत मिळतं, मी घेतलं नाही. उलटीची गोळी अर्धा तास आधी घेतली होती, आईला आलेपाक दिला. दोघींना काही त्रास झाला नाही. जानेवारीत समुद्र शांत असतो म्हणतात, तसाच होता.

जेवण भरपूर, शाकाहारी आणि जैन वेगळं. भाकरी नव्हती. रात्री नाचगाण्याचा शो पाहिला, कॅसिनोला बाहेरूनच नमस्कार केला. साडेदहाला झोपलो.

तीन चाळीसला आईने माझा दंड धरला. "उठ. हलायलंय."

खरंच हलत होतं. मागच्या टोकाच्या खालच्या मजल्यावर जहाज ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यांची थरथर येते, वेग बदलला की ती वाढते, हे मला नंतर कळलं. त्या अंधारात मला फक्त टेबलावरच्या भरलेल्या पेल्यांचा आवाज ऐकू येत होता. काच काचेला लागून किणकिणत होती. दिवा लावेपर्यंत आईने चपला घातल्या होत्या. मी म्हणत होते, अगं आई, इंजिन आहे, काही नाही. ती दार उघडून बाहेर पडली, डावीकडे वळली आणि कुठेही न थांबता जिन्यापर्यंत गेली. एकीकडे मोजत होती. बावीस पावलं. संध्याकाळी ती हेच पुटपुटत होती.

गुडघे विसरून ती चार जिने चढली. उघड्या डेकवर गार वारा होता, सगळीकडे मिट्ट काळोख आणि लांब मासेमारीच्या बोटींचे दोन-तीन दिवे. सुरक्षारक्षक आला. "अम्मा, तबियत ठीक है?" मी त्याला समजावलं. त्याने कुठूनतरी घोंगडीसारखी जाड शाल आणून दिली, चहाचंही विचारलं. आई खुर्चीवर बसली. श्वास लागला होता. बऱ्याच वेळाने म्हणाली, "उघड्यावर बरं."

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना आमच्याकडची जमीन हलली. मी तेव्हा बारा वर्षांची, मामाकडे उदगीरला होते. आई त्या रात्रीबद्दल कधी बोलत नाही, मी कधी विचारलं नाही. त्या डेकवर ती आपणहून बोलली, पाण्याकडे बघत. "गणपती बुडवून आल्ते सगळे. दमून झोपले होते. आधी मांडणीवरले तांबे-पेले वाजले. मला वाटलं मांजर हाय." एवढंच. मी तिचा हात धरून बसले. मला झोप लागली असावी, कारण डोळे उघडले तेव्हा डाव्या बाजूला डोंगरांची रेघ दिसत होती आणि त्यामागून सूर्य वर येत होता. आई जागीच होती.

सकाळी रिसेप्शनवर खोली बदलून मागितली. जहाज भरलेलं आहे, गॅलरीवाली एक आहे, फरक भरा, असं उत्तर आलं. फरक माझ्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढा होता. स्वस्तात घेतलं तर तक्रार कुठल्या तोंडाने करायची, हे खरं, पण सत्तरीच्या बाईला मागच्या टोकाची खोली देताना कुणीतरी एकदा फोन करून विचारायला हरकत नव्हती. तुम्ही जाल तेव्हा दोन-तीन हजार जास्त द्या आणि मधल्या भागातली, नंबर आधी कळणारी खोली घ्या. मधल्या भागात हेलकावाही कमी असतो आणि थरथरही.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागतं. कंपनीच्या बसच्या सहली महाग वाटल्या म्हणून बाहेर पडून टॅक्सी केली, 2,400 रुपये, मंगेशीला जाऊन यायला. परतायची वेळ कार्डावर लिहिलेली असते आणि जहाज कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे मी दीड तास हातात राखून सगळं केलं. देऊळ छान झालं. येताना वास्कोच्या बायणा किनाऱ्यावर दहा मिनिटं थांबलो. आईने साडी वर धरून पाय बुडवले, वाकून बोटाने पाणी जिभेला लावलं आणि थुंकली. "ह्याचं गोडं करतेत," असं टॅक्सीवाल्याला सांगितलं. त्याला काही समजलं नाही.

दुसऱ्या रात्री आई एक वाजेपर्यंत डेकवरच्या खुर्चीत झोपली. मग डेक धुवायला लोक आले म्हणून खाली आलो. तिने टेबलावरचे पेले रिकामे केले नाहीत. जेवणाच्या टेबलावरून कागदी रुमाल आणले होते, ते घडी करून दोन-दोन पेल्यांच्या मध्ये कोंबले, एक किटलीखाली घातला. थरथर होतीच, किणकिण गेली. दार थोडं उघडं ठेवता येईना, ते आपोआप लागतं, म्हणून आतला दिवा चालू ठेवला. ती चारपर्यंत झोपली. मी नाही.

रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत खोली सोडायची होती. मोठं सामान आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवायचं असतं, त्यात अंगावर घालायचे कपडे जाऊ देऊ नका, शेजारच्या खोलीतले काका लुंगीवर उतरले. आमचं जहाजावरचं बिल 1,150 झालं, त्यात पाचशेचा एक फोटो: कठड्याशी आई, डोळे मिटलेले. सगळा खर्च, टॅक्स्या आणि मुंबईतलं खाणंपिणं धरून, पंचावन्न हजारांच्या थोडा खाली बसला.

उतरताना पावती दाखवून पिशवी परत घेतली. गाडी रात्री होती, दिवसभर सीएसएमटी. वेटिंग रूममध्ये आईने पिशवी मांडीवर घेतली, फडकं सोडलं, एक धपाटा नाकाशी नेला, दोन्ही बाजूंनी उलटून बघितला. तीन दिवसांचे झाले होते. "काही झालं न्हाई," म्हणाली, आणि चटणीची पुडी उघडून अर्धा माझ्या हातात दिला.